हात, हत्यार आणि हुन्नर

पौष महिन्याच्या कडाक्याच्या थंडीत देवळ्याहून लोहोणेरच्या किंवा उमराण्याच्या वाटेने कोणी सकाळी निघाला, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांस उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली त्यास दिसते. पाणी सोडलेल्या गार वाफ्यांत बायांची रांग कमरेत वाकलेली असते. डाव्या हातात रोपांची जुडी धरावयाची, उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबावयाचे आणि चार बोटे पुढे सरकावयाचे, हा क्रम दिवस मावळेपर्यंत चालतो. हे दृश्य आपल्या इतके नित्याचे आहे की, त्याकडे आपण क्वचितच लक्ष देऊन पाहतो.

आमच्या विद्यार्थ्यांनी या कामाचा एक लहानसा हिशेब करून पाहावा. दोन ओळींत सहा इंच आणि दोन रोपांत चार इंच अंतर धरले, तर एका रोपाच्या वाट्याला चोवीस चौरस इंच जागा येते. एकराचे क्षेत्रफळ ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला असता एकरात २,६१,००० हून अधिक रोपे बसतात. वरंबे व पाट यांत जाणारी जागा वजा केली तरी दोन लाखांच्या आसपास रोपे, एकेक करून, मनुष्याच्या बोटांनी लावली जातात. इतकी मेहनत करणाऱ्या मनुष्यास आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

असे असूनही जगाचा हिशेब आपणांस एक अवघड प्रश्न घालतो. भारतात कांद्याचे उत्पन्न सरासरीने हेक्टरी १६ ते १८ टन पडते. अमेरिका व दक्षिण कोरिया या देशांत ते ५० टनांहून अधिक आहे. ही झाली जमिनीच्या मापाने केलेली तुलना. अमेरिकेतील मोठ्या शेतांवर तर बी यंत्राने थेट जमिनीत पेरतात आणि काढणीही बहुतांशी यंत्रानेच होते; त्यामुळे दर मनुष्यामागे किती कांदा पिकला असे विचारले, तर अंतर तिपटीवर न थांबता कितीतरी पटींनी वाढते. एका देशातील मनुष्याच्या एका दिवसाच्या श्रमातून दुसऱ्या देशातील मनुष्यापेक्षा इतके अधिक का निपजते? अर्थशास्त्रात ज्यास ‘उत्पादकता’ म्हणतात तिचा हा प्रश्न होय, आणि तो देवळ्याच्या घराघराशी निगडित असल्यामुळे आज आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम निसर्गाचा वाटा निसर्गास देऊन टाकू. कांद्याचे पीक दिवसाच्या लांबीवर पोसते. उत्तरेकडील थंड देशांत उन्हाळ्याचा दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो आणि तेथील जातींस वाढीला दीर्घ काळ मिळतो. आपल्याकडील जाती लहान दिवसांच्या व थोड्या मुदतीच्या आहेत. त्या मोबदल्यात आपण वर्षातून पोळ, रांगडा आणि उन्हाळ असे तीन हंगाम घेतो, जे तिकडील शेतकऱ्यास शक्य नाही. तेव्हा टनांचे आकडे समोरासमोर ठेवून लगेच मान खाली घालण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट यंत्राची. जेथे मजुरी महाग व शेते विस्तीर्ण आहेत तेथे लाखो रुपयांचे यंत्र घेणे परवडते. जेथे जमिनीचे तुकडे लहान व मजुरी स्वस्त आहे तेथे तेच यंत्र घेणारा कर्जात बुडेल. आपला शेतकरी ते यंत्र घेत नाही, हा त्याच्या बुद्धीचा दोष नसून त्याने केलेला साधा हिशेब आहे.

परंतु निसर्ग व यंत्र यांचा वाटा काढून घेतल्यावरही काही अंतर शिल्लक राहते, आणि खरा विचार त्या शिल्लक अंतराचाच करावयास हवा. शेतीत ऊन, पाणी, माती अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असल्याने ते नीट दिसत नाही. म्हणून जेथे ऊन-पाऊस आड येत नाही आणि यंत्रही सर्वत्र सारखेच आहे, असे एक उदाहरण आपण घेऊ. ते उदाहरण कापडाच्या मागाचे. आमच्या शेजारच्या मालेगावात मागाचा खडखडाट कोणी ऐकला नाही? तेथे पूर्वी हातमाग होते व १९३० नंतरच्या दशकात यंत्रमाग आले. पण या धंद्याचा थोरला इतिहास मुंबईत घडला, म्हणून आधी तेथे जाऊ.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. यंत्रे बहुतेक इंग्लंडातील लँकेशायर प्रांतातून येत. काम करणारे हात मात्र आपले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर अशा जिल्ह्यांतून लोक पोटासाठी मुंबईस जात. यंत्र तेच, मग कामही तितकेच निघावयास हवे होते. प्रत्यक्षात काय घडले? लँकेशायरचा विणकर सामान्यतः चार माग सांभाळी, अमेरिकेतील आठ किंवा त्याहून अधिक, आणि मुंबईचा साचेवाला दोन. ग्रेगरी क्लार्क नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमाराच्या निरनिराळ्या देशांतील गिरण्यांची तुलना करून १९८७ साली असे दाखविले की, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एका कामगाराइतके काम करावयास हिंदुस्थान, चीन किंवा जपान येथे जवळजवळ सहा कामगार लागत.

या यादीत जपानचे नाव आले आहे, ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

मुंबईचा कामगार मागे का पडला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि काही कारणे उघड आहेत. आपल्या गिरण्यांत आखूड धाग्याचा हलका कापूस वापरीत. त्याचे सूत वारंवार तुटे, आणि तुटलेला धागा सांधण्यातच विणकराचा वेळ जाई. ज्याचे सूत घटकेघटकेस तुटते तो चार माग कसे सांभाळणार? दुसरे असे की, मजुरी स्वस्त असल्यामुळे चांगला कापूस घेण्यापेक्षा किंवा कामाची नीट आखणी करण्यापेक्षा आणखी चार माणसे उभी करणे मालकास सोपे वाटे. तिसरे कारण शिक्षणाचे. कामगारांची भरती जॉबर, म्हणजे मुकादम, करी. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. नवा मनुष्य भाऊबंदाच्या शेजारी उभा राहून, पाहून पाहून, जे उचलता येईल ते उचली. यंत्र असे का चालते, हे त्यास समजावून सांगणे कोणाचेच काम नव्हते. मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही नामांकित संस्था निघाली. परंतु तेथून तयार होणारे लोक अधिकारी व तंत्रज्ञ झाले. मागाशी उभ्या असलेल्या निरक्षर कामगारापर्यंत ती विद्या क्वचितच पोहोचली.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘दोनऐवजी तीन माग सांभाळा’ असे १९२८ च्या सुमारास मालकांनी सांगितले, तेव्हा कामगाराने विचारले, “माझ्या शेजाऱ्याचे काय होणार, आणि वाढलेल्या कामाचे मला काय मिळणार?” त्यास भरवसा वाटेल असे उत्तर मिळाले नाही. काम वाढेल, माणसे कमी होतील आणि मजुरीवरही घाला येईल, ही धास्ती खोटी नव्हती. त्या वर्षी २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, मुंबईच्या बहुतेक सर्व गिरण्या संपामुळे बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगारांच्या चुली त्या काळात कशा पेटल्या असतील, याची कल्पना गावाकडे मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांनाच असणार. या संपाचा दोष केवळ एका पक्षाच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्यातून शिकण्यासारखे काही निघत नाही. शिकण्यासारखे एवढेच की, वाढीव कामाच्या फळात ज्यास वाटा नाही, तो मनुष्य अधिक काम कसे होईल याकडे आपली बुद्धी लावीत नाही. आणि बुद्धी बाजूस ठेवून केवळ हात वापरले म्हणजे यंत्र कितीही उत्तम असले तरी ते निम्मेच चालते.

आता जपानकडे पाहू. १९१० साली त्याची गणना आपल्याच रांगेत होत होती. त्याची सूतकताईची यंत्रेही पुष्कळशी लँकेशायरचीच होती, आणि गंमत अशी की, कापूसही पुष्कळसा आपलाच होता. १८९३ पासून मुंबई व कोबे या बंदरांमध्ये त्यासाठी आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली होती. परंतु जपानी गिरण्यांनी निरनिराळ्या जातींचा कापूस प्रमाणात मिसळण्याची विद्या साधली, त्यामुळे स्वस्त कापसाचेही सूत कमी तुटू लागले. तेथे १८७२ सालीच सर्व मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला होता आणि १९१० पर्यंत बहुतेक सारी मुले-मुली शाळेत जाऊ लागली होती. त्याच सुमारास, १९११ च्या खानेसुमारीत, हिंदुस्थानात शंभरांत केवळ सहा माणसे साक्षर आढळली. आपले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ सालीच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल कायदे कौन्सिलात मांडले होते. १९१२ साली ते फेटाळले गेले. त्या दिवशी जे गमावले त्याचा हिशेब कापडाच्या वारांत करता येत नाही, पण वारांवरही त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

जपानात एका सुताराच्या मुलाने, साकिची टोयोडा याने, आपली आई हातमागावर राबताना पाहिली होती. मागात सुधारणा करण्यातच त्याने आयुष्य घालविले. १९२४ साली त्याने पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपण होऊन थांबे, आणि धोट्यातील सूत संपले की न थांबता नवा धोटा घेई. त्यामुळे एक मनुष्य पुष्कळ माग सांभाळू शकला. ज्या प्लॅट ब्रदर्स कंपनीकडून सारे जग यंत्रे विकत घेई, त्याच इंग्रजी कंपनीने १९२९ साली या मागाचे हक्क टोयोडाकडून विकत घेतले. शिष्याने गुरूस विद्या दिली! १९३३ साली जपानी कापडास अडविण्यासाठी हिंदुस्थान सरकारास ७५ टक्के जकात बसवावी लागली. तथापि हे चित्र सर्वस्वी उजळ नाही. जपानी गिरण्यांत खेड्यांतील कोवळ्या मुली आवारातच कोंडल्यासारख्या राहत, रात्रपाळी करीत, आणि कित्येकींस क्षयाने गाठले. त्यांची रात्रपाळी १९२९ साली कायद्याने बंद झाली. मनुष्यास झिजवून वाढविलेल्या उत्पन्नाचे अनुकरण आपण करू नये. विचार व शिक्षण यांनी वाढविलेल्या उत्पन्नाचे करावे.

असे उदाहरण महाराष्ट्रात घडले नाही असे मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी लोखंडी नांगर करावयास घेतला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना थाटला, तीच किर्लोस्करवाडी. तेथे आसपासच्या खेड्यांतील साध्या माणसांस ओतकाम, कातकाम व जुळणी शिकवून त्यांच्याच हातून विलायतीच्या तोडीचे नांगर तयार करविले. हात तेच होते. त्यांस शिकविणारा कोणी मिळाला, एवढाच भेद.

आता मुंबई व जपानची वाट पुरे करून आपण पुन्हा देवळ्यास येऊ. मालेगावच्या मागांची स्थिती आजही याच सूत्राने समजते. तेथील साधा धोट्याचा माग मिनिटास सव्वाशे-दीडशे वेळा आडवा धागा टाकतो. हवेच्या झोताने धागा फेकणारा परदेशी माग सहाशेहून अधिक वेळा टाकतो. हा झाला हत्याराचा भेद, आणि तो पैशावाचून भरून निघत नाही. पण कांद्याच्या चाळीत जे अंतर आहे ते पुष्कळसे हुन्नराचे आहे, आणि ते भरून काढण्यास लाखाचे यंत्र लागत नाही.

उन्हाळ कांदा काढून दसऱ्यापर्यंत टिकविणे, यावर आपल्या तालुक्यातील कित्येक घरांचे वर्ष अवलंबून असते. चाळीत पडलेल्या कांद्यापैकी काही सडतो, काहीस कोंब येतात, काहीचे वजन घटते. समजा, वैशाखात शंभर क्विंटल चाळीत घातला आणि दसऱ्यापर्यंत त्यातील चाळीस क्विंटल गेला, तर हाती साठ राहिला. तीच नासाडी वीसवर आणली तर हाती ऐंशी येईल. पाण्याचा एक थेंब किंवा खताची एक चिमूट न वाढविता विक्रीचा माल एक तृतीयांशाने वाढला!

हे साधण्याची रीत गुप्त नाही. काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. निम्म्या पातीच्या माना पडल्या म्हणजे कांदा काढावा. काढलेला कांदा शेतात असा ओळीने पसरावा की, पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर पडून त्यांस ऊन लागू नये. चार-पाच दिवस सुकला म्हणजे मान पिळून, इंचभर ठेवून, पात कापावी. अगदी बुडाशी कापल्यास त्या वाटेने सड आत शिरते. जोड कांदे, डेंगळे आणि इजा झालेले कांदे वेगळे काढावेत. मग काही दिवस सावलीत ठेवून चाळीत भरावा. चाळीचा तळ जमिनीपासून दोन फूट उंच व फटींचा असावा, ढिगाची रुंदी चार फूट व उंची चार-पाच फुटांच्या वर नसावी. म्हणजे खालून व बाजूंनी वारा खेळतो. जातही टिकणारी हवी. १९९४ साली स्थापन झालेल्या व आता राजगुरुनगर येथे असलेल्या कांदा-लसूण संशोधन केंद्राच्या ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ या जाती किंवा जुनी ‘एन २-४-१’ ही उन्हाळ हंगामासाठी आहेत.

पुष्कळ पालक म्हणतील, “हे आम्हांस ठाऊक आहे.” खरे आहे. पण आम्ही विचारतो, इंचभर मान ठेवून पात कापणारा हात कोणाचा? तो बहुधा मजूर बाईचा असतो. शिबिरास जातो तो जमिनीचा मालक. माहितीपत्रक वाचतो तोही मालक किंवा त्याचा मुलगा. जिच्या विळ्यावर त्या चाळीतील वीस क्विंटल कांदा अवलंबून आहे, तिला कोणी चार गोष्टी सांगत नाही. शिवाय काम पुष्कळदा उक्ते दिलेले असते. जितके लौकर उरकेल तितकी तिची मजुरी अधिक. निगुतीने कापले तर लाभ चाळीच्या मालकाचा आणि तोटा तिचा. मग तिने घाई का करू नये? मुंबईच्या साचेवाल्याने १९२८ साली जो प्रश्न विचारला, तोच ही बाई न बोलता विचारीत आहे. ज्या घरी नीट कापणीस थोडा अधिक दर मिळेल आणि हे असे का करावयाचे ते समजावून सांगितले जाईल, त्या घरची चाळ अधिक टिकेल असे आम्हांस निश्चित वाटते.

हुन्नराने सर्वच दुःखे दूर होतात, असे सांगून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात आला तर भाव कोसळतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली ती ४ मे २०२४ रोजी उठविली. तेवढ्या काळात उत्तम कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यासही कमी भावात माल द्यावा लागला. बाजार व राज्यकारभार यांचे प्रश्न एकट्याच्या हुन्नराने सुटत नाहीत. परंतु ज्याचा कांदा चाळीत टिकतो, तो निदान पडत्या भावाच्या दिवशी विकण्याचे नाकारू शकतो. हुन्नर मनुष्यास थांबण्याची ताकद देते, आणि गरिबास ती ताकद फार मोलाची आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शेती करतील, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी किंवा वीजतंत्री होतील, कोणी परदेशी यंत्रांपुढे उभे राहतील. हाताने करावयाचे काम म्हणजे कमी प्रतीचे, ही समजूत तुमच्या घरात असेल तर ती तुम्ही मोडावी. गणिताच्या तासाचा फूट-इंचांचा हिशेब, चित्रकलेतील सरळ रेघ, विज्ञानातील ‘असे का?’ हा प्रश्न, हीच सारी मागाशी आणि चाळीशी लागणारी विद्या आहे. आणि पालकहो, शाळा अर्धवट सोडवून मुलीस लागवडीच्या रांगेत उभी करण्याआधी एकदा १९१२ साली फेटाळलेले ते बिल आठवावे. तेव्हा नकार परक्या सरकारचा होता. आज मुलांच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे. नकार आता आपल्याच घरातून येऊ शकतो.

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी आपण तो दाखला पुष्कळदा ऐकला आहे : धनी परदेशी जाताना आपल्या दासांस द्रव्य सोपवून गेला, कोणास पाच वाटे, कोणास दोन, कोणास एक. परत आल्यावर ‘तुझ्याजवळ थोडे का होते?’ असे त्याने एकासही विचारले नाही. ज्याने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला, त्याच्यावरच तो रागावला. देशादेशांच्या संपत्तीत अंतर आहे, आणि ते सारे आमच्या हयातीत भरून निघेल असे नाही. परंतु या चैत्र-वैशाखात कांदा निघेल तेव्हा विळा हाती घेणाऱ्या बाईस मान किती ठेवावयाची व का, हे देवळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने शेतात जाऊन नम्रपणे समजावून सांगितले, आणि त्याच्या वडिलांनी तिचा दर थोडा वाढविला, तर त्या शेतापुरते अंतर त्याच वर्षी कमी होईल. दसऱ्याला चाळ उघडल्यावर तो हिशेब त्याने वहीत मांडावा, आणि पुढील अंकासाठी आमच्याकडे पाठवावा.